श्वासाची जागा

दौलतरावांनी तिसरा हेडफोन कानांवरून उतरवला आणि देवघरातली वस्तू परत जागेवर ठेवावी तशा बेताने तो काउंटरवर ठेवला.

"नाही. यातही ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही, काका?" ऋतिकाने विचारले. कल्याण स्टेशनसमोरच्या गल्लीतले ते चिंचोळे दुकान तिचे स्वतःचे होते. गिऱ्हाइकाचे घोडे कुठे अडले आहे, हे चेहऱ्यावरून ओळखण्यात ती तरबेज होती. परंतु या गृहस्थांपुढे तिची विद्या चालेनाशी झाली होती. "बास बघा ना किती आहे यात! पोरं वेडी होतात याच्यासाठी."

"बास पुष्कळ आहे. श्वास नाही."

"श्वास?"

"गाणाऱ्याचा. ओळीच्या मधे एका जागी श्वास घेतलेला आहे. घरी फोन कानाला चिकटवला की पुसटसा येतो. तोच हवाय मला. तो कुठे घेतलाय हे कळल्याशिवाय माझं पुढचं सगळं कोसळतं."

ऋतिकाने एकवार त्यांच्याकडे निरखून पाहिले. कानात खोचायची पांढरी बोंडे आधीच बाद झाली होती. त्यांतले एक दौलतरावांच्या उजव्या कानातून निसटून थेट त्यांच्याच खिशात पडले होते आणि दोघांनी मिळून ते काउंटरखाली शोधले होते. आता ती स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून एक काळी पेटी काढून तिने उघडली. आतला हेडफोन गुबगुबीत होता, कानाला पुरता झाकून टाकणारा.

"हा लावा. हे बटण दाबलं, निळा दिवा लागला, की बाहेरचा आवाज गायब."

"दुकानात बाहेरचा आवाज आहेच कुठे? मला बसमधे ऐकायचंय, पोरी. कल्याण ते ठाणे. बस नव्हे ती, पत्र्याचा डबा आहे."

"मग पायरीवर उभं राहून ऐका. पळून नाही ना जाणार?"

"या गुडघ्यांनी?" दौलतराव म्हणाले आणि पायरीवर आले.

पायरीखाली कल्याण नेहमीप्रमाणे बोंबलत होते. रिक्षावाले 'दुर्गाडी, दुर्गाडी, एक सीट!' असे ओरडत होते, उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, आणि मागे येऊ पाहणारी एक एस.टी. सगळ्यांना शिव्या घातल्यासारखी भोंगा वाजवत होती. दौलतरावांनी बटण दाबले. कुणीतरी नळाची चावी फिरवावी आणि धार थांबावी, तसे ते सारे थांबले. रिक्षावाल्यांची तोंडे हलत राहिली. त्या नव्या शांततेत त्यांची पत्नी कलावती हिचा आवाज उमटला:

*आली लेक घरी तशी उजळली दारातली सांजही...*

आणि 'उजळली' या शब्दानंतर, बांगडीच्या एका किणकिणीमागोमाग, तो श्वास आला. अगदी लहान. भरलेली कळशी कमरेवर घेताना बाई घेते तेवढाच.

"आला! आला!" दौलतराव ओरडले.

"कुठे जायचं, काका?" एका रिक्षावाल्याने रिक्षा पुढे घेतली. शेजारचा चरकवालाही वळून बघू लागला. नवा हेडफोन डोक्यावर शोभत असावा, असा दौलतरावांनी त्या पाहण्याचा अर्थ लावला.

पेटी बांधून घेताना त्यांना एक शंका आली. ती त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारली.

"बाहेरचं आत येत नाही, ते समजलं. पण आतलं बाहेर जातं का?"

"अजिबात नाही, काका. बाजूला बसलेल्याला कळणारसुद्धा नाही."

दौलतरावांच्या मनावरचे मोठे ओझे उतरले. ऋतिका हेडफोनमधल्या गाण्याविषयी बोलत होती. दौलतराव स्वतःच्या गळ्याविषयी विचारत होते.

या खरेदीचे मूळ आंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत होते. त्यांची एकुलती एक मुलगी सान्वी हिचे लग्न डोंबिवलीच्या विनीतशी ठरले होते, आणि बोलाचालीत असे निघाले की विनीतच्या तिन्ही आत्या गाणाऱ्या असून मंगलाष्टका त्याच म्हणणार आहेत. आता मंगलाष्टक म्हणावे ते कलावतीने. अवघ्या भावकीत तिच्या आवाजावाचून कुणाच्या डोक्यावर अक्षता पडल्या नव्हत्या. परंतु दौलतरावांच्या घराण्याची रीत अशी की मुलीच्या आईने मंगलाष्टकाच्या वेळी मांडवात थांबायचे नाही. दूर तुळशीला पाणी घालत बसायचे, आणि मंगलाष्टकाचा शब्दही कानी पडू द्यायचा नाही. साऱ्या जगाच्या लेकींसाठी गायलेला तो गळा पोटच्या लेकीच्या लग्नात मुका राहणार होता.

"म्हणजे माझ्या लग्नात आपल्या घरचं कुणीच नाही म्हणणार?" सान्वीने भाजी निवडता निवडता विचारले होते.

"मी आहे ना," दौलतराव बोलून गेले.

मायलेकी आधी खळखळून हसल्या. हसण्यासारखेच होते. गणपतीच्या आरतीत दौलतराव नेहमी टाळ्यांपुरते उभे असत. शाळेत असताना गुरुजींनी त्यांना प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवायला सांगितले होते, आणि नववीत शाळा सुटली तरी ती आज्ञा त्यांनी पाळली होती.

मग सान्वीचे हसू ओसरले. हातातली मेथीची जुडी तशीच धरून ती म्हणाली, "खरंच म्हणाल, पप्पा?"

त्या 'खरंच'नंतर माघार घेणे शक्य नव्हते.

शब्द दौलतरावांनी जुळवले. ठाण्याच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळताना, डब्यांवर बोटे आपटून अक्षरे मोजत, त्यांनी चार ओळी सिद्ध केल्या. चाल कलावतीने बसवली आणि सान्वी कामावर गेलेली असताना, कुकरची शिट्टी होण्याच्या आत, ती फोनमध्ये म्हणून दिली.

"बाकी काही चुकलं तरी चालेल," ती म्हणाली होती, "श्वास मी घेतलाय तिथेच घ्या. भलतीकडे घेतलात की शब्द मोडतो, आणि शब्द मोडला की माणूस रडल्यासारखा वाटतो. रडायचं नाही तिथे."

घरी सराव करावा तर भिंतीपलीकडचे शेजारी भिंतीला कान लावून बसणार. उरली ती कंपनीची बस.

दुर्गाडीच्या नाक्यावर दौलतराव बसमध्ये चढत ते चौथ्या बाकावर, खिडकीशी बसत. ती खिडकी कधीकाळी निखळली होती आणि रबराच्या पट्टीने बांधल्यापासून अधिकच खडखडत होती. शेजारी पॅकिंग विभागातला महिपत असे. तो फोनवर कुस्त्यांचे व्हिडिओ साऱ्या बसला ऐकू जातील असे लावी. पुढे हिशेब खात्यातल्या मधुमॅडम आणि चालक त्र्यंबक यांचे हॉर्नवरून भांडण चाललेले असे. भिवंडी बायपासला अवजड गाड्या दोन्ही अंगांनी गर्जत जात, आणि माजिवड्याला मेट्रोचे काम कानठळ्या बसवी.

हेडफोन लावला त्या दिवसापासून यातले काही उरले नाही. दौलतराव डोळे मिटत, कलावतीच्या पाठोपाठ ओळ म्हणत, श्वास घेत, पुन्हा म्हणत. आपण मनातल्या मनात म्हणतो आहोत, अशी त्यांची पक्की समजूत होती. फार झाले तर ओठांतल्या ओठांत. स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हता, त्या अर्थी तो दुसऱ्याला ऐकू जाणे संभवतच नव्हते.

काही नवलाईच्या गोष्टी मात्र त्यांच्या ध्यानात आल्या. महिपतच्या फोनवर कुस्ती दिसेना. तो बापडा खिडकीबाहेर बघत बसू लागला. खडखडणाऱ्या तावदानात कुणीतरी पुठ्ठ्याची घडी खोचली. मधुमॅडम उतरताना विनाकारण हसून 'येते हं, दौलतराव' म्हणू लागल्या. लग्नसराईची हवाच अशी असते, असे दौलतरावांना वाटले. रात्री जेवताना ते कलावतीला म्हणाले, "काय यंत्र काढलंय! मी उतरवून ठेवलं तरी बस शांतच वाटते. कानाला वळण लागलं बघ."

लग्न तोंडावर आले आणि एका सकाळी सान्वीने स्वतःचा फोन चार्ज करायला हेडफोनची चार्जिंगची वायर काढून घेतली. दौलतरावांना याचा पत्ता नव्हता. बस माजिवड्याच्या अलीकडे रखडली होती. ते तिसऱ्या ओळीवर आले होते.

*लाभो सासर गोकुळासम तिला...*

कानात 'टुंग' असे काहीतरी वाजले. निळा दिवा विझला, कलावती गप्प झाली. आणि बसभर घुमणारा एक जाडाभरडा, ठाम पुरुषी आवाज दौलतरावांना ऐकू आला. तो कुणाचा, हे कळायला त्यांना क्षणभर लागले. मग ते एकदम थांबले.

हेडफोन बंद पडताच बसमधला सारा गोंगाट कानांवर कोसळायला हवा होता. तसे काही झाले नाही. कुणी बोलत नव्हते, कुणाचा फोन वाजत नव्हता. पुढे मानांची एक रांग होती, आणि त्या सगळ्या माना जरा जास्तच सरळ होत्या.

"थांबलात का हो?" मधुमॅडम वळून न बघता म्हणाल्या.

दौलतरावांनी हेडफोन गळ्यात उतरवला. "तुम्हाला... ऐकू येतं?"

"दौलतशेठ," महिपत म्हणाला, "कोनगावच्या म्हशींना ऐकू येतं!"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सुरवातीला वाटलं, तुमच्या पोटात दुखतंय. मी गोळी पण काढून ठेवलेली."

"महिपत!" मधुमॅडम आता वळल्या. "खोटं बोलू नका. परवा डोळे कोण पुसत होतं?"

"धूळ हो मॅडम, मेट्रोची."

"मग आजपर्यंत बोलला का नाहीस रे मेल्या?" दौलतरावांचे कान तांबडेलाल झाले होते.

महिपतने नखाने सीटचे रेक्झिन खरवडले. "बोललो असतो तर तुम्ही थांबला असता."

तेवढ्यात त्र्यंबकने आरशातून हाक दिली, "ओ राव, सिग्नल सुटला. पण शेवट झाल्याबिगर मी गियर टाकणार नाय. रोज इथं शेवट होतो. अर्धवट मंगलाष्टक घेऊन गाडी चालवायची म्हणजे डोक्याला ताप."

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. दौलतरावांनी खिडकीची दांडी धरली. उभ्या आयुष्यात प्रथमच, माणसे ऐकत आहेत हे ठाऊक असताना, त्यांनी तोंड उघडले.

*सान्वीच्या पदरी असो सुख सदा, कुर्यात् सदा मंगलम्...*

"शुभ मंगल सावधान!" अवघी बस गरजली. महिपतने डब्यातले चुरमुरे मूठभर उधळले, त्र्यंबकने गियर टाकला आणि हॉर्न असा काही वाजवला की मधुमॅडमनीही त्याला माफ केले.

केसांतले चुरमुरे झटकत त्या म्हणाल्या, "एक सांगू का, दौलतराव? रागावू नका. पहिली ओळ काळजातली आहे. पण तिसरी ओळ लग्नपत्रिकेवरून उतरवल्यासारखी वाटते. गोकुळ, ऐश्वर्य... ते सगळ्यांच्याच मुलींना लाभतं."

"मला पण ती कमी वाटते," महिपतने पुस्ती जोडली. "आणि आई कुठाय यात? बाप आहे, लेक आहे. आई?"

परतीच्या प्रवासात दौलतरावांनी हेडफोन पिशवीतून काढलाच नाही. महिपतला त्यांनी कुस्त्या लावायला सांगितल्या, आणि त्या साऱ्या कोलाहलात, तावदानाच्या काचेवर बोटे आपटत, ते अक्षरे मोजत बसले.

लग्न कल्याणच्या एका कार्यालयात होते. मुहूर्ताची वेळ जवळ आली तशी दौलतरावांची थोरली बहीण अक्का मागच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. तिथे कुंडीत तुळस होती, पाट मांडला होता आणि कलावती हातात तांब्या घेऊन बसली होती.

"हे काय बाई?" अक्का वर बघत म्हणाली. तुळशीच्या बरोबर वर, खांबाला, कार्यालयवाल्यांचा कर्णा टांगला होता. "आत म्हटलेलं सगळं इथे ऐकू येणार. आपल्यात आईच्या कानावर पडू देत नाहीत."

"मग मी काय कानात बोळे घालू, अक्का?"

"घाल. रीत म्हणजे रीत."

दौलतराव आत गेले आणि पिशवीतून हेडफोन घेऊन आले. अक्काने तो आधी स्वतःच्या कानांवर चढवून पाहिला, बटण दाबल्यावर भावाचे हलणारे ओठ पाहिले, आणि समाधानाने मान डोलावली. मग कलावतीच्या अबोलीच्या गजऱ्याला धक्का न लावता दौलतरावांनी तो तिच्या डोक्यावर बसवला. एवढ्यात भटजींची हाक आली.

पुढचे त्यांना तुटक तुटक आठवत राहिले. अंतरपाट. हातात माईक. तिन्ही आत्यांचे रेशमी, सराईत सूर संपल्यावर पडलेली शांतता. तिसऱ्या रांगेत ओळीने बसलेली अख्खी बस, आणि अंतरपाटाशी मुंडावळ्यांआडून त्यांच्याकडे लागलेले सान्वीचे डोळे. त्यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज जाडाभरडाच होता. पण तो माजिवड्याच्या मेट्रोवर मात करून आलेला होता, कार्यालयाची त्याला काय तमा! दुसरी ओळ झाली. महिपतने ओठ आवळले. आणि तिसरी, जी कलावतीने बसवलेली नव्हती, तिला म्हणूनही दाखवलेली नव्हती:

*आई त्या तुळशीपुढे पुटपुटे आशीष ओठांतुनी...*

'पुटपुटे' म्हणून थांबायचे होते. तिथे श्वासाची जागा होती. परंतु 'आई' म्हणताच दौलतरावांची नजर व्हरांड्याच्या दाराकडे गेली आणि त्यांनी भलत्याच ठिकाणी, 'आशीष'च्या मध्येच, श्वास घेतला. शब्द मोडला. सान्वीने खाली पाहिले. पण चौथी ओळ सरळ उभी राहिली, 'सावधान' झाले, आणि अक्षतांचा असा पाऊस पडला की भटजींना चष्मा पुसावा लागला. तिन्ही आत्यांतली धाकटी पुढे येऊन म्हणाली, "दादा, चाल कुणाची हो?"

"घरचीच," दौलतराव म्हणाले.

हार घातले गेले, सनई सुरू झाली. गर्दीतून वाट काढत ते व्हरांड्यात आले. कलावती पाठमोरी बसली होती, हेडफोन जिथल्या तिथे होता. ती तुळशीला पाणी घालत होती. कुंडी केव्हाच भरून वाहू लागली होती आणि पाण्याचा ओघळ पाटाखालून थेट दारापर्यंत आला होता.

अक्का त्यांच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली. "कलावती! काही कानावर पडलं नाही ना?"

कलावती हलली नाही.

"अगं कलावती!"

तांब्यातली धार तशीच चालू राहिली.

"चांगलं आहे हो तुझं यंत्र," अक्का भावाला कौतुकाने म्हणाली आणि पदर सावरत पंगतीच्या व्यवस्थेला निघून गेली.

दौलतराव दोन पावले पुढे झाले. हेडफोनच्या कडेला, गजऱ्याखाली, तो दिवा होता. निळा नव्हता. विझलेला होता.

"अहो," कलावती मागे न बघता हळूच म्हणाली, "'आशीष'च्या आधी घ्यायचा श्वास."